आधी माणसं, मग मेन्यू

फेअरवेलच्या दहा दिवस आधी आमच्या ग्रुपवर एक लिंक पडली. सुरतेतलं एक रेस्टॉरंट. खाली मेसेज : ‘अवॉर्ड विनिंग आहे. प्रॉपर फाइन डाइन. लास्ट टाइम सगळे एकत्र. डन ना?’

पाच मिनिटांत अंगठ्यांची रांग लागली. मीही अंगठा टाकला. माणशी अठराशे रुपये, शिवाय नंदुरबारहून जाण्या-येण्याचा खर्च वेगळा. चोवीस जणांपैकी तेवीस अंगठे झाले. राहिला एक. धडगावकडच्या एका मैत्रिणीचा. मेसेज तिने वाचला होता, उत्तर मात्र दिलं नव्हतं. निघायच्या आदल्या रात्री तिने लिहिलं, ‘घरी काम निघालंय, तुम्ही एन्जॉय करा.’

आम्ही एन्जॉय केलं. फोटो भारी आले. जेवणही चांगलं होतं, खोटं कशाला बोलू? वर्षभराने कधीतरी बोलता बोलता ती म्हणाली, ‘काम वगैरे काही नव्हतं गं. मेसचे पैसे भरायचे राहिले होते.’

तिच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं. आम्ही रेस्टॉरंटचे फोटो बघितले होते, रेटिंग बघितलं होतं, अवॉर्ड बघितलं होतं. कोण येणार आहे आणि त्याला झेपणार आहे का, एवढं एकच बघायचं राहिलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, नंदुरबारमध्ये बसून फाइन डायनिंगवर काय लिहायचं? प्रश्न बरोबर आहे. १ जुलै १९९८ ला धुळ्यापासून वेगळा झालेला आपला जिल्हा. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातलेला. वर्तमानपत्रात ‘नंदुरबार’ आणि ‘ताट’ हे शब्द एकत्र आले की बातमी बहुतेक कुपोषणाची असते. अशा ठिकाणी हजारो रुपयांच्या जेवणावर बोलणं कुणाला खटकलं तर ते चूक नाही.

पण दुसरी बाजूही बघा. आपल्यातले कितीतरी जण उद्या नोकरीसाठी सुरत, नाशिक, पुणे, मुंबई गाठणार आहेत. पहिला पगार होईल, मित्रांची ट्रीट असेल, आई-पप्पांना कुठेतरी न्यावंसं वाटेल. कुणीतरी म्हणेल, ‘तूच ठरव जागा.’ आणि मोबाइलवर तर ही रेस्टॉरंट रोज आपल्यासमोर येतातच : काळी प्लेट, मधोमध चमचाभर पदार्थ, वरून धूर. त्यामुळे त्या दारातून आत जायचं की नाही, गेलो तर कुणासोबत आणि किती पैसे घेऊन, हे शांत डोक्याने ठरवता आलं पाहिजे. ‘आपल्यासाठी नाही ते’ म्हणून घाबरू नका आणि ‘सगळे जातात’ म्हणून धावूही नका.

अवॉर्ड नेमकं कशाचं?

सुरुवात या शब्दापासूनच करू, कारण आपण फसतो ते इथेच.

जगात सगळ्यात जास्त दबदबा मिशेलिन स्टारचा. मिशेलिन ही फ्रान्सची टायर बनवणारी कंपनी. लोकांनी गाड्या जास्त फिरवाव्यात, म्हणजे टायर खपतील, म्हणून तिने १९०० साली एक गाइड काढलं. १९२६ पासून चांगल्या रेस्टॉरंटना स्टार द्यायला सुरुवात झाली. हे गाइड ओळख न देता येणारे निरीक्षक बनवतात आणि स्टार देताना फक्त ताटातलं बघतात : सामान कसं आहे, शिजवलंय कसं, चवी जुळल्यात का, शेफची स्वतःची छाप आहे का आणि दर वेळी तेवढंच चांगलं मिळतं का. झुंबर, खुर्च्या, वेटरचा कोट यांचा स्टारशी संबंध नसतो.

याचा पुरावा हवा? २०१६ मध्ये सिंगापूरच्या एका फूड सेंटरमधल्या गाड्याला स्टार मिळाला. सोया सॉसमधलं चिकन आणि भात, किंमत साधारण दोन सिंगापूर डॉलर. २०२४ मध्ये मेक्सिको सिटीतल्या एका छोट्याशा टाको स्टॉलला मिळाला. म्हणजे ‘स्टार’ आणि ‘महाग’ हे समानार्थी शब्द नाहीत. याच गाइडमध्ये ‘बिब गुरमाँ’ नावाचा आणखी एक मान आहे. तो माफक पैशात चांगलं जेवण देणाऱ्या जागांसाठी असतो आणि १९९७ पासून या नावाने दिला जातो. तुम्ही पुढे-मागे परदेशी शिकायला गेलात, तर स्टार शोधण्याआधी हा शोधा.

आणि एक महत्त्वाची गोष्ट : मिशेलिन गाइड आजवर भारतात आलेलं नाही. इथल्या एकाही रेस्टॉरंटला मिशेलिन स्टार नाही. त्यामुळे एखाद्या बोर्डवर ‘मिशेलिन स्टार शेफ’ वाचलंत, तर अर्थ एवढाच की त्या शेफने परदेशातल्या कुठल्यातरी रेस्टॉरंटमध्ये तो मिळवला होता. स्टार मुळात रेस्टॉरंटला असतो, माणसाबरोबर तो गावोगाव फिरत नाही.

आपल्याकडे जास्त चर्चा असते ती ‘एशियाज फिफ्टी बेस्ट रेस्टॉरंट्स’ या यादीची. २०१३ पासून ती निघते. शेफ, खाण्यावर लिहिणारे आणि खाण्यासाठी फिरणारे असे तीनशेहून जास्त लोक मतं देतात. गुणांचा ठरलेला तक्ता नसतो, ज्याला जे आवडलं त्याला तो मत देतो. मुंबईतलं ‘मास्क’ या यादीत बरीच वर्षं आहे. महालक्ष्मीच्या एका जुन्या वूलन मिलच्या आवारात २०१६ मध्ये सुरू झालेलं हे रेस्टॉरंट २०२३ ला सोळाव्या नंबरवर होतं, २०२४ ला तेविसाव्या, २०२५ ला एकोणिसाव्या. आता सांगा, मधल्या वर्षी तिथलं जेवण सात पायऱ्या बिघडलं आणि पुढच्या वर्षी चार पायऱ्या सुधारलं का? तसं नसतं. मतं बदलली. यादी म्हणजे जाणकारांची पसंती आहे. ती वाचावी, पण बारावीच्या मार्कांसारखी वाचू नये.

या दोन्हींखाली मग शेकडो पुरस्कार येतात. शहरांचे, मासिकांचे, ॲपचे, इव्हेंट कंपन्यांचे. काही चांगले असतात, काही नुसते ट्रॉफी आणि स्टेज. त्यामुळे ‘अवॉर्ड विनिंग’ वाचलं की तीन प्रश्न विचारा. कुणी दिलं? कुठल्या वर्षी? आणि कशासाठी, जेवणासाठी की इंटिरियरसाठी? पाच वर्षांपूर्वीचं अवॉर्ड असेल आणि तेव्हाचा शेफ केव्हाच सोडून गेला असेल, तर भिंतीवरची ट्रॉफी तुमच्या ताटात काही वाढत नाही.

आणि सगळी उत्तरं नीट मिळाली, तरी एक गोष्ट कुठलाही परीक्षक सांगू शकत नाही. तुमच्या आईला तिथे मोकळं वाटेल का? ते तुम्हालाच ठरवायचंय.

प्रसंग कुठला, त्यावर जागा

मित्रांचा वाढदिवस किंवा फेअरवेल. या दिवशी आपल्याला काय हवं असतं? गोंगाट. एकमेकांच्या ताटातलं उचलून खाणं. कुणाचा तरी केक तोंडाला फासणं. तासन् तास बसणं. फाइन डायनिंगची रचना याच्या बरोबर उलटी असते. मंद दिवे, हळू आवाज, सगळ्यांना एकाच वेळी येणारा एकेक कोर्स, पुढच्या बुकिंगसाठी ठरावीक वेळेत रिकामं करायचं टेबल. वीस जण तिथे गेलात की अर्धा वेळ ‘शूऽऽ’ करण्यातच जातो. पैसे जास्त आणि मजा कमी. मोठ्या ग्रुपला साधं, मोकळं, भरपूर वाढणारं हॉटेलच बरं. शेवभाजी, भाकरी, कांदा, वर मठ्ठा. यात कमीपणा नाही, प्रसंगाला हेच शोभतं.

आणि वर्गणीचं एक पक्कं करा. ग्रुपमधल्या सगळ्यात हलक्या खिशाला झेपेल तेवढीच वर्गणी ठेवा. सरासरी काढू नका, सरासरीत नेहमी एक जण बुडतो. कुणाला किती झेपतं हे ग्रुपवर विचारू नका, तिथे कुणीच खरं सांगत नाही. एकेकाला बाजूला घेऊन विचारा किंवा मुळातच आकडा कमी ठेवा. आणि ‘तुझे मी भरतो’ हे सगळ्यांसमोर म्हणणं म्हणजे मदत नव्हे. ज्याला ते ऐकावं लागतं, त्याला जेवण गोड लागत नाही.

पहिल्या पगारात आई-पप्पा. हा प्रसंग खरंच मोठा आहे आणि इथे चांगल्या रेस्टॉरंटवर खर्च करायला माझी काहीच हरकत नाही. पण मी केलेली चूक करू नका. माझ्या पहिल्या स्टायपेंडमधून मी आई-पप्पांना एका नावाजलेल्या रेस्टॉरंटमध्ये नेलं. आईने मेन्यूकार्ड हातात घेतलं आणि तिची नजर उजव्या बाजूने खाली उतरायला लागली. पदार्थ ती वाचतच नव्हती, किमती वाचत होती. शेवटी म्हणाली, ‘मला एवढी भूक नाही गं, सूप घेते.’ पप्पांनी वेटरला विचारलं, ‘यात पोट भरेल का?’ आणि मी शेजारच्या टेबलावर कुणी ऐकलं का ते बघितलं. त्या बघण्याची मला आजही लाज वाटते.

आता करायचं झालं तर मी असं करेन. आदल्या दिवशी फोन करून मेन्यू विचारेन आणि काय काय मागवायचं ते आधीच सांगून ठेवेन, म्हणजे टेबलावर किमतीचा विषयच निघणार नाही. काही मोठ्या रेस्टॉरंटमध्ये पाहुण्यांसाठी किमती नसलेलं मेन्यूकार्ड मागितलं तर मिळतं, तेही विचारेन. घरात कुणी माळकरी असेल, कुणाचा उपवास असेल, कांदा-लसूण चालत नसेल, तर तेही बुकिंगलाच सांगेन. रात्रीऐवजी दुपारची वेळ घेईन. एक तर आपल्याकडची मोठी माणसं रात्री साडेनऊला जेवायला बसत नाहीत, आणि दुसरं म्हणजे बऱ्याच ठिकाणी दुपारचा मेन्यू स्वस्त असतो. आणि तीन तास चालणारा टेस्टिंग मेन्यू, म्हणजे शेफ ठरवेल ते आठ-दहा छोटे पदार्थ एकामागून एक, तो आई-पप्पांसाठी अजिबात घेणार नाही. कार्डातून आपल्या आवडीचं निवडता येईल अशी जागा बघेन. मुंबईत असाल तर लोअर परळचं, २०१५ मध्ये सुरू झालेलं ‘द बॉम्बे कॅन्टीन’ हे अशा प्रकारचं उदाहरण. नावाजलेलं आहे, पण चव आणि सामान देशीच, आणि कार्डातून हवं ते मागवता येतं.

डेट. इथे सल्ला देणारी मी कोण? पण एवढं सांगते. पहिल्याच भेटीला फाइन डायनिंग नको. समोरचा माणूस वीस मिनिटांत कंटाळवाणा निघाला आणि अजून सात कोर्स यायचे आहेत, अशी वेळ कुणावरही येऊ नये! जिथून तासाभरात उठता येतं, अशी जागा पहिल्यांदा बरी. पैसे कोण देणार हेही आधीच बोलून घ्या. बिल आल्यावर दोघांनी एकाच वेळी पाकीट चाचपणं सिनेमात गोड दिसतं, खऱ्या आयुष्यात महिनाअखेर असते.

आणि शेवटचा प्रसंग म्हणजे नुसतं कुतूहल. तुम्ही हॉटेल मॅनेजमेंटला आहात, स्वयंपाकाची आवड आहे, किंवा या लोकांचं एवढं कौतुक का होतं ते एकदा बघायचंय. माझ्या मते टेस्टिंग मेन्यू खरा यासाठीच आहे. मग तो एकट्याने किंवा अशाच वेड्या एका मित्रासोबत घ्या. चार-सहा महिने पैसे साठवा. जाण्याआधी त्या शेफबद्दल वाचा. तिथल्या लोकांना सांगा की मी विद्यार्थी आहे, समजून घ्यायला आलोय. बहुतेक ठिकाणी लोक आनंदाने सांगतात. प्रत्येक पदार्थ येताना विचारा : हे कुठून आलं, असं का केलं? एखादं चांगलं नाटक पाहायला किंवा किल्ला बघायला जावं, तसं जा. फोटो दोनच काढा, गरम पदार्थ थंड झाला की शेफची निम्मी मेहनत वाया जाते.

बिलाचं गणित

मेन्यूकार्डावरची किंमत म्हणजे बिल नव्हे, हे आपल्याला तिथे बसल्यावर कळतं. म्हणून आधीच करू.

समजा चार जण आहात आणि माणशी १,२०० रुपयांचं जेवण झालं. म्हणजे ४,८०० रुपये. बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटमध्ये यावर ५ टक्के जीएसटी लागतो, २४० रुपये. झाले ५,०४०. पण तेच रेस्टॉरंट एखाद्या पंचतारांकित हॉटेलात असेल, जिथे खोलीचं एका दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर जातं, तर जीएसटी १८ टक्के. म्हणजे ८६४ रुपये, आणि बिल ५,६६४. तेवढंच जेवण, सहाशे चोवीस रुपयांचा फरक. म्हणून बुकिंग करताना रेस्टॉरंट स्वतंत्र आहे की हॉटेलातलं, हे बघा.

दुसरं म्हणजे सर्व्हिस चार्ज. बिलात खाली १० टक्के असा बारीक अक्षरात असतो. हा सरकारचा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या, की हॉटेलांनी हा चार्ज आपोआप बिलात लावू नये, ग्राहकावर सक्ती करू नये. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला या सूचना कायम ठेवल्या. त्यामुळे ‘हा काढून द्या’ असं शांतपणे म्हणता येतं. वाढणाऱ्याने मनापासून वाढलं असेल, तर टीप त्याच्या हातात द्या. आणि कुणी ऐकतच नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, रेस्टॉरंटखेरीज इतर ठिकाणीही उपयोगी पडतो.

तिसरं पाणी. बसल्या बसल्या वेटर विचारतो, ‘बॉटल्ड की रेग्युलर?’ आणि आपण संकोचाने ‘बॉटल्ड’ म्हणून जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानुसार हॉटेल-रेस्टॉरंट बाटलीवरच्या छापील किमतीपेक्षा जास्त पैसे लावू शकतात. चार बाटल्यांत एका पदार्थाचे पैसे जातात. ‘रेग्युलर’ म्हणा. समोरचा रोज शंभर वेळा ऐकतो, त्याला त्यात काही वाटत नाही.

आणि आपल्यासाठी चौथी ओळ, जी कुठल्याच बिलावर छापलेली नसते : प्रवास. नंदुरबारकराला मुंबईतलं टेबल म्हणजे खान्देश एक्सप्रेसचं तिकीट, एखादी रात्र कुणाकडे तरी मुक्काम, टॅक्सी, आणि ‘तिथे घालायला’ म्हणून घेतलेले बूट. तीन हजारांचं जेवण सहा-सात हजारांवर सहज जातं. म्हणून मुद्दाम नुसतं जेवायला जाऊ नका. मुलाखत, परीक्षा, नातेवाइकांचं लग्न, काहीतरी काम असताना जोडून घ्या.

काही रेस्टॉरंट बुकिंगलाच पैसे भरून घेतात आणि आयत्या वेळी रद्द केलं तर ते परत मिळत नाहीत. आपल्या गाड्यांचं वेळापत्रक तुम्हाला माहीत आहे, मी वेगळं सांगत नाही. तो नियम आधी वाचा.

शेवटचं आणि सगळ्यात गंभीर. ‘आत्ता खा, पुढच्या महिन्यात द्या’ म्हणणारी ॲप तुमच्या फोनमध्ये असतील. त्यावर जेवू नका. लग्नाच्या, आजारपणाच्या कर्जाखाली दबलेली घरं आपण आजूबाजूला पाहिली आहेत. त्यात एका संध्याकाळच्या स्टोरीसाठी काढलेल्या कर्जाची भर नको.

ते आपलंच वाढतात

हे सगळं लिहिण्यासाठी वाचत होते, तेव्हा एक गोष्ट सारखी समोर येत होती.

विजय कुमार नावाचे शेफ आहेत. तमिळनाडूतल्या एका खेड्यातले. न्यूयॉर्कमध्ये ‘सेम्मा’ नावाच्या रेस्टॉरंटमध्ये ते दाक्षिणात्य गावाकडचं जेवण वाढतात. लहानपणी भातशेतातून वेचून आणलेल्या गोगलगाई घरी शिजायच्या, आणि हे शाळेतल्या मुलांना सांगायची त्यांना लाज वाटायची. आज तोच पदार्थ ‘सेम्मा’च्या मेन्यूवर आहे. रेस्टॉरंटला मिशेलिन स्टार मिळाला आणि २०२५ मध्ये त्यांना न्यूयॉर्क राज्यातला सर्वोत्तम शेफ म्हणून अमेरिकेतला मानाचा जेम्स बिअर्ड पुरस्कार. तो घ्यायला ते वेष्टी नेसून गेले.

‘मास्क’चे सुरुवातीचे शेफ प्रतीक साधू हे मूळचे काश्मीरचे. मुंबई सोडून त्यांनी २०२३ मध्ये हिमाचलात, कसौलीजवळ, ‘नार’ सुरू केलं. मोजक्या पाहुण्यांचं, डोंगरातल्या सामानावर चालणारं. लोक त्या जेवणासाठी डोंगर चढून जातात. आणि गरिमा अरोरा तर आमच्याच वाटेवरच्या. मुंबईच्या जयहिंद कॉलेजात शिकल्या, काही काळ पत्रकारिता केली, मग पॅरिसला स्वयंपाक शिकायला गेल्या. बँकॉकच्या त्यांच्या ‘गा’ या रेस्टॉरंटला २०१८ मध्ये मिशेलिन स्टार मिळाला, तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. २०२३ च्या शेवटी दुसराही मिळाला.

आता जरा घरी या. एप्रिल-मे महिन्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे अंगणाअंगणात कैरीच्या फोडी वाळत असतात. सगळं घर कैऱ्या सोलायला बसतं, पोरं पण. त्याचा आमचूर होतो आणि पोत्यांतून व्यापाऱ्याकडे जातो, गावाचं नावही त्यावर नसतं. त्याच्या आधी मार्चमध्ये पहाटे मोहाची फुलं वेचली जातात. सातपुड्यात मोर आणि बंटी पिकते, तीच आपली भगर. २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून जगाने साजरं केलं, पण मोलगीच्या बाजारात ही धान्यं त्याच्या कितीतरी आधीपासून विकली जातात. नवापूरच्या तुरीच्या डाळीला तर जीआय मानांकन आहे. नंदुरबारच्या पथारींवर वाळणारी लाल मिरची आपल्याला इतकी सवयीची, की शिंका येईपर्यंत तिची आठवणही होत नाही.

आणि पुण्याहून मावसभाऊ आला की आपण त्याला कुठे नेतो? एसी असलेल्या हॉटेलात, पनीर बटर मसाला खायला. होस्टेलवर घरचा डबा आला, तर कळण्याची भाकरी आपण कोपऱ्यात बसून खातो.

मला गरिबी गोड करून सांगायची नाहीये. पाड्यावरची बाई भगर शिजवते ती घरात तेवढंच असतं म्हणूनही, आणि तिच्या आमचुराला मिळणारा भाव व शहरातल्या प्लेटची किंमत यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ते अंतर कुठल्याही पुरस्काराने आपोआप मिटत नाही. पण जगातले मोठमोठे परीक्षक आज ज्याचं कौतुक करतात, ते सामान आपल्या अंगणात वाळतंय, हे आपल्याला माहीत असावं. हॉटेल मॅनेजमेंट शिकणाऱ्या आपल्यातल्या एखाद्याला तोरणमाळला बारा खुर्च्यांचं स्वयंपाकघर उघडावंसं वाटलं, त्या मेन्यूवर त्याने आमचूर कुठल्या पाड्यावरचा ते छापलं आणि त्या पाड्याला नीट भाव दिला, तर? स्वप्न मोठं आहे, पण कसौलीच्या डोंगरात ते कुणीतरी करून दाखवलंय.

तोवर एवढं करता येईल. पाहुणा आला तर त्याला आपलं खायला घाला, अभिमानाने. एखाद्या प्रसंगाला घरच्या अंगणात, मांडे भाजायच्या खापराभोवती बसणं जास्त साजत असेल, तर तेच निवडा. आणि जिथे खरंच पांढरा रुमाल आणि काचेचा ग्लास शोभतो, तिथेही मान वर करून जा. काटा-चमचा नाही जमला तर हाताने खा. पैसे तुम्ही दिलेत, परीक्षेला नाही बसलात.

फेअरवेलची ती मैत्रीण परवा भेटली. आता नोकरी करते. मी म्हटलं, राहिलेलं जेवण आता करू, जागा तू ठरव. तिने घरी बोलावलं. मोराचा भात, तुरीची डाळ, वर आमचुराची चटणी. आम्ही चौघी होतो. जेवताना कुणीच फोटो काढला नाही, नंतर लक्षात आलं.

पुढच्या वेळी तुमच्या ग्रुपवर अशी लिंक पडेल, तेव्हा अंगठा टाकण्याआधी अजून कुणाचा अंगठा आलेला नाही ते बघा. आणि त्याला ग्रुपवर नको, वेगळा फोन करा.